किशोरवयीन मुले ऑनलाइन काय सांगतात आणि घरी काय सांगतात: कोकणातील पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि कोकणातल्या वाड्यावाड्यांत मुलांच्या हाती फोन आला. घरात रेंज मिळत नव्हती म्हणून मुले सड्यावर किंवा डोंगराच्या कडेला जाऊन बसत, आणि हा फोन घेण्यासाठी कित्येक घरांनी पोटाला चिमटा काढला होता. पुढे शाळा भरल्या, पण फोन मुलांच्या हातातच राहिला आणि अभ्यासासोबत इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, गेममधले गप्पांचे कट्टे हेही घरात आले. आज रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाविषयी त्याच्या आजीला जे ठाऊक नसते, ते त्याच्या तीनशे फॉलोअर्सना ठाऊक असते.

यावर बहुतेक पालकांना दोनच उपाय सुचतात: फोन काढून घेणे किंवा फोन चोरून तपासणे. या दोन्हींविषयी विचार करायला लावणारे एक संशोधन आहे. होकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी स्वीडनमधील चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २००० साली असे दाखवले, की पालकांना मुलांच्या आयुष्याविषयी जे काही माहीत असते, ते प्रामुख्याने मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे माहीत असते. पाळत आणि चौकश्या यांतून त्या मानाने फारच थोडे कळते. तो अभ्यास स्मार्टफोनच्या आधीचा आहे, पण फोनच्या बाबतीत तो अधिकच लागू पडतो, कारण दुसरे खाते उघडायला मुलाला दोन मिनिटे पुरतात. म्हणून या लेखातल्या सर्व पायऱ्या एकाच कसोटीवर रचल्या आहेत: हे केल्यावर मूल घरी अधिक सांगेल की कमी?

पहिली पायरी: सुरुवात मोठ्यांच्या फोनपासून

मुलाला काही सांगण्यापूर्वी आई-वडिलांनी स्वतःचे व्हॉट्सअॅप स्टेटस, फेसबुक आणि गावाचे ग्रुप नीट पाहावेत. मुलाची जन्मतारीख, शाळेचे नाव, गणवेशातला फोटो, क्रीडास्पर्धेचे प्रमाणपत्र यांपैकी बराचसा मजकूर मुलाने नव्हे, तर घरातल्यांनीच टाकलेला असतो. काका-आत्या मुंबईत, मामा पुण्यात, अशा घरांत मुलांचे फोटो पाठवणे हे प्रेमाचेच काम आहे आणि ते थांबवा असे मी म्हणणार नाही. मात्र चार नातेवाइकांना पाठवलेला फोटो आणि दोनशे जणांच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला फोटो यांत फरक आहे.

दहावीच्या दिवसांत हे विशेष जपावे. आपल्याकडे निकालाचा अभिमान मोठा असतो, आणि तो रास्तही आहे. मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागून विभाग राज्यात पहिला आला. पण मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहायला आसन क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते, आणि हॉल तिकिटावर या दोन्ही गोष्टी छापलेल्या असतात. ज्याने ‘परीक्षेला शुभेच्छा’ म्हणून हॉल तिकिटाचा फोटो स्टेटसवर ठेवला, त्याने निकाल स्वतःआधी इतरांना दाखवण्याची सोय करून दिली. अकरावी प्रवेश किंवा शिष्यवृत्तीच्या नावाने फोन करणाऱ्या भामट्याच्या तोंडी मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव आणि शाळा आली, की घरच्यांचा विश्वास बसतो. गुणपत्रिकेचा फोटो टाकायचाच असेल तर आसन क्रमांक आणि आईचे नाव झाकून टाकावे. आधार कार्डाचा फोटो तर कोणत्याही ग्रुपवर टाकू नये. जिथे चालत असेल तिथे आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी.

घरात होमस्टे किंवा खाणावळ असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. तारकर्ली, देवबाग, गुहागर, मुरुड या पट्ट्यात राहते घर हेच व्यवसायाचे ठिकाण असते. नकाशावर घराची खूण असते, आईचा मोबाईल क्रमांक पाटीवर असतो, आणि पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंत घरची मुले वावरताना दिसतात. बुकिंगचे मेसेज पाहण्याचे काम बहुधा मुलाकडेच असते. अशा घराने व्यवसायाचा क्रमांक आणि खाते वेगळे ठेवावे, मुलाचे वैयक्तिक खाते व्यवसायाच्या पानाला जोडू नये, आणि पाहुण्यांना ‘मुलांचे फोटो टाकू नका’ असे सरळ सांगावे. चांगले पाहुणे याचा राग धरत नाहीत.

हे सगळे पालकांनी मुलासमोर, मुलाच्या मदतीने करावे आणि जुने फोटो काढताना ‘हा ठेवू का, काढू?’ असे त्याला विचारावे. आपल्याविषयीच्या माहितीवर आपला हक्क आहे आणि मोठी माणसे तो मानतात, हे मुलाला त्या विचारण्यातून कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, आणि तो घरातल्या लहानांनाही आहे.

दुसरी पायरी: तुकडे कसे जुळतात ते दाखवणे

‘माहिती देऊ नकोस’ एवढे सांगून मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, कारण त्याच्या मते त्याने माहिती दिलेलीच नसते; त्याने फक्त फोटो टाकलेला असतो. म्हणून मुलाच्या शेजारी बसून त्याच्याच खात्यावरच्या दहा-बारा पोस्ट अनोळखी माणसाच्या नजरेने पाहाव्यात आणि काय काय कळते ते कागदावर लिहावे.

कोकणात हे तुकडे फार लवकर जुळतात. आपल्या अनेक आडनावांतच गाव असते. शिमग्याच्या रीलमध्ये पालखी आणि देवळाची कमान दिसली की वाडी कळते. गणवेशावरून शाळा कळते, एसटीची पाटी दिसली की येण्याजाण्याची वेळ कळते. ‘बाबा आज परत दर्यात’ या स्टोरीतून घरात रात्री कोण नाही ते कळते. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला निघालेल्या कुटुंबातल्या मुलीने कोकण रेल्वेच्या कन्फर्म तिकिटाचा फोटो टाकला, तर त्यातून पीएनआर, सगळ्यांची नावे आणि वये, आणि घर किती दिवस बंद राहणार हेही बाहेर जाते. शहरातल्या गर्दीत मूल काही प्रमाणात झाकले जाते. साठ घरांच्या वाडीत तसा आडोसा नसतो.

किशोरवयातली दोन मनोवृत्तींची जाण इथे उपयोगी पडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये मांडले, की या वयात मुलाला सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटत असते आणि त्याच वेळी ‘इतरांचे होते तसे माझे होणार नाही’ अशीही त्याची खात्री असते. त्यामुळे भीतीच्या बातम्या वाचून दाखवण्याचा परिणाम थोडाच टिकतो. स्वतःच्याच पोस्टवरून स्वतःच्याच घराचा पत्ता निघालेला पाहिला, की मात्र मूल विचारात पडते.

तिसरी पायरी: स्वभाव पाहून पद्धत ठरवणे

एकाच घरातल्या दोन भावंडांना एकच नियम लावला तर एकाला तो काचतो आणि दुसऱ्याला पुरत नाही. माणूस किती बोलका आहे, किती चिंता करतो, किती शिस्तीचा आहे, यावर तो स्वतःविषयी किती सांगतो हे बरेचसे ठरते. मुलाला कोणतेही लेबल लावू नये, पण पालकांनी पुढील बाबींवर लक्ष ठेवावे.

बोलक्या, चारचौघांत रमणाऱ्या मुलाकडून माहिती सहज जाते, कारण त्याला सांगण्यातच आनंद असतो. गावच्या नमनात, दशावतारात किंवा कबड्डीच्या मैदानात पुढे असणारे मूल रीलवरही पुढेच असणार. त्याला ‘टाकू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘उशिरा टाक’ म्हणावे. कार्यक्रम संपून घरी आल्यावर फोटो टाकला तर आनंद तोच राहतो, पण त्या क्षणी आपण कुठे आहोत हे जगाला कळत नाही. मोठा ग्रुप आणि जवळच्यांची यादी वेगळी करायला शिकवले तर अशी मुले ते चटकन आत्मसात करतात.

अबोल मुलाविषयी पालक निर्धास्त असतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच होते. जे मूल वर्गात बोलत नाही, ज्याचे मित्र चार किलोमीटर दूरच्या वाडीत राहतात, जे संध्याकाळी पडवीत एकटेच बसलेले असते, ते सार्वजनिकरीत्या काहीच टाकत नाही. पण रात्री एखाद्या अनोळखी, गोड बोलणाऱ्या खात्याशी मन मोकळे करू शकते. त्याच्या पानावर काहीच दिसत नसल्याने घरच्यांना शंका येत नाही. अशा मुलावर बंदी घातली तर त्याचा एकमेव सोबती हिरावल्यासारखे त्याला वाटते आणि ते आणखी आत जाते. इथे फोनपेक्षा सोबतीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो: शनिवारी मित्राकडे नेऊन सोडणे, मामेभावंडांना सुट्टीत बोलावणे, आवडत्या कामात घेणे. सोबत त्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा आणि शांतपणे सांगावे, की जो माणूस ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणतो, त्याच्याविषयी घरी सांगायचे.

उतावळ्या मुलाला उपदेशापेक्षा अडथळा उपयोगी पडतो. भांडणानंतर लिहिलेली पोस्ट मसुद्यात ठेवून सकाळी पाहायची, एवढी एक सवय लावली तरी पुष्कळ होते. आज्ञाधारक मूल वेगळ्या तऱ्हेने अडचणीत येते: त्याला मोठ्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून ‘सर’ किंवा ‘बँकेचे साहेब’ म्हणवणाऱ्याला ते ओटीपी देऊन टाकते. अशा मुलाकडून नकाराची वाक्ये घरी मोठ्याने म्हणवून घ्यावीत. लोकप्रियतेची ओढ ज्याला फार आहे, त्याच्याशी फॉलोअर्सच्या आकड्याविषयी कुत्सितपणे बोलू नये. त्याला त्या आकड्यात काय मिळते ते आधी ऐकून घ्यावे.

चौथी पायरी: विचारपूस आणि पोटात ठेवणे

बंदी, पाळत आणि संवाद या तीन मार्गांपैकी संवादावर माझा सर्वाधिक भर आहे. लहान वयात बंधने लागतातच. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने फोन कधी आणि कुठे वापरायचा हे पालकांनीच ठरवावे. पण वय वाढते तसे केवळ बंधनांवर चालवलेले घर मुलाला लपवायला शिकवते. लपून पाहणे टाळावे. तपासायचेच असेल तर ‘रविवारी आपण दोघे मिळून फोन पाहू’ असे आधी सांगून पाहावे, आणि मित्रांच्या खासगी गप्पा वाचू नयेत.

प्रश्न कसा विचारला जातो यावरही उत्तर अवलंबून असते. ‘कोणाशी बोलत होतीस?’ या प्रश्नाला ‘कोणाशी नाही’ हेच उत्तर येते. ‘बाय, तुझ्या वर्गात सध्या सगळे कुठल्या अॅपवर असतात गो?’ असे विचारले तर गोष्ट दुसऱ्यांपासून सुरू होते आणि हळूहळू स्वतःवर येते. जेवताना समोरासमोर बसवून बोलण्यापेक्षा आंबे पेटीत भरताना, जाळे निवडताना किंवा बाजाराला जाताना बोलणे मुलांना सोपे जाते, कारण हाताला काम असते आणि नजर चुकवता येते.

यानंतरची गोष्ट आपल्या गावांत सर्वांत अवघड आहे. सँड्रा पेट्रोनियो या संशोधिकेने खासगीपणाविषयी मांडलेल्या विचारानुसार, आपण एखाद्याला आपली गोष्ट सांगितली की तो तिचा सहमालक होतो, आणि ती पुढे कोणाला सांगायची याचे नियम दोघांनी ठरवलेले नसतील तर नाते बिघडते. मुलीने आईला सांगितलेली गोष्ट आईने काळजीपोटी मावशीला सांगितली, मावशीने मुंबईच्या मामीला, आणि गणपतीत सगळे जमल्यावर कोणीतरी त्यावरून मुलीची थट्टा केली, तर ती मुलगी पुन्हा सांगणार नाही. म्हणून मूल काही सांगू लागले की आधी विचारावे: ‘हे बाबांना सांगू का? आणखी कोणाला चालेल?’ जिवाला धोका असेल, पैशांची मागणी असेल किंवा कोणी त्रास देत असेल, तर मदतीसाठी इतरांना सांगावेच लागेल, हेही आधीच स्पष्ट करावे. बाकीचे पोटात ठेवावे.

पाचवी पायरी: एका संध्याकाळी सेटिंग्ज

हे काम मुलाच्या हातून, आपण शेजारी बसून करावे. सर्वांत आधी खात्यावरची जन्मतारीख पाहावी. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपसाठी किमान वय १३ वर्षे आहे, आणि अनेक मुलांनी लहानपणी खाते उघडताना मोठ्या भावंडाच्या मदतीने खोटे जन्मवर्ष टाकलेले असते. इन्स्टाग्रामने १८ वर्षांखालील मुलांसाठी सुरू केलेली किशोर खाती आपोआप खासगी असतात, अनोळखी लोकांचे मेसेज अडवतात, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद ठेवतात, आणि १६ वर्षांखालील मुलाला ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण खात्यावर वय पंचवीस असेल तर यातले काहीच लागू होत नाही. चुकीची तारीख दुरुस्त करणे हे त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे काम ठरेल.

व्हॉट्सअॅपमध्ये डीपी, ‘लास्ट सीन’ आणि स्टेटस फक्त ओळखीच्यांना दिसेल असे करावे. ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल ते ‘माझे संपर्क’ वर ठेवावे. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावावा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी उपकरण नाही ना, ते पाहावे. स्नॅपचॅट असेल तर नकाशावर ‘घोस्ट मोड’ चालू करावा, म्हणजे मूल कुठे आहे ते इतरांना दिसणार नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोसोबत ठिकाण साठवण्याची सोय बंद करावी. फॉलोअर्सची यादी दोघांनी मिळून वाचावी आणि ज्याला मूल रस्त्यात ओळखणार नाही त्याला काढावे. गेममध्ये दिलेले खरे नाव व गाव आणि खेळता खेळता अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय (व्हॉइस चॅट) यांचाही विचार व्हावा.

कायद्याची मदत किती आणि कुठवर, हेही इथेच सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती मूल मानली जाते. मुलांची माहिती वापरण्यासाठी कंपन्यांनी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची आहे आणि मुलांचा माग काढणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. ही बंधने कंपन्यांवर आहेत. मुलाने स्वतः टाकलेल्या फोटोचा शेजाऱ्याने केलेला गैरवापर त्यामुळे थांबत नाही.

सहावी पायरी: दूरचा पालक आणि घरातली आजी

कोकणातल्या कित्येक घरांत वडील मुंबईत नोकरीला, बोटीवर किंवा आखातात असतात. रोजच्या फोनवर ते अभ्यास विचारतात आणि ‘मोबाईल कमी कर’ म्हणतात, आणि बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी नियम आई आणि वडील दोघांनी आधी आपसांत ठरवावेत, नाहीतर आईने नाही म्हटलेली गोष्ट वडील लांबून लाडाने देऊन टाकतात आणि आई वाईट ठरते. वडिलांनी मुलाशी त्याच्या आवडीच्या एखाद्या व्हिडिओवर किंवा खेळावर बोलण्याचा एक ठरावीक दिवस ठेवावा. आजी-आजोबांना अॅप समजत नसले तरी मूल रात्री झोपले नाही, जेवण टाकले, फोन वाजला की दचकले, हे त्यांनाच प्रथम दिसते. त्यांना तेवढेच लक्षात ठेवायला आणि मुलाला न ओरडता आईला सांगायला शिकवावे.

सातवी पायरी: काही बिघडले तर

सर्वाधिक घडणारा प्रकार असा: अनोळखी खाते मैत्री करते, फोटो मागते किंवा व्हिडिओ कॉल करून चित्रण करते, आणि मग ‘तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवीन’ अशी धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागते. हे मुलग्यांच्याही बाबतीत घडते, आणि लाजेमुळे ते अधिक काळ गप्प राहतात. त्या क्षणी पालकांचे पहिले वाक्य ‘तू सांगितलेस ते बरे केलेस’ हे असावे. ‘फोटो पाठवलासच कशाला?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये.

त्यानंतर पैसे देऊ नयेत, कारण दिले की मागणी वाढते. उत्तर देणे थांबवावे, पण संभाषण पुसू नये. धमकीचे मेसेज, खात्याचे नाव, फोन क्रमांक, यूपीआय आयडी आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मुलाच्या खासगी चित्राची मात्र नवी प्रत करू नये आणि पुरावा म्हणूनही ते कोणाला पाठवू नये. मुलांची अश्लील चित्रे पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, आणि गंमत म्हणून पुढे पाठवणारा वर्गमित्रही त्यात अडकू शकतो. पुरावा जपल्यावर खाते रिपोर्ट करून ब्लॉक करावे.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. इतर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे आणि तातडीचा धोका असेल तर ११२. चित्र पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा वापरता येते. तिथे चित्र पाठवावे लागत नाही, आपल्याच फोनवर त्याची सांकेतिक खूण तयार होते आणि तिच्या आधारे इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारखी सहभागी ठिकाणे ते चित्र शोधून काढतात.

गावात बोभाटा होईल म्हणून अनेक घरे तक्रार करत नाहीत. त्यांनी हे जाणून घ्यावे, की २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, मुलाची ओळख उघड करायला माध्यमांना मनाई आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांची गाडी दारात नको असेल तर तसे फोनवर आधी सांगावे. पुढचे काही आठवडे मुलाला एकटे झोपू देऊ नये, शाळेत एका विश्वासू शिक्षकाला मुलाच्या संमतीने कल्पना द्यावी, आणि मूल फार खचले असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यावे.

हे सगळे एकदा करून सोडून देता येत नाही, कारण अॅप बदलतात आणि मूलही बदलते. सेटिंग्ज, फॉलोअर्सची यादी आणि घरचे नियम वर्षातून दोनदा तरी पुन्हा पाहावेत. किनाऱ्यावरच्या घरांना १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ त्यासाठी सोयीचा आहे, कारण तेव्हा वडील घरी असतात. बागायतदारांना आंबा संपल्यावरचे दिवस बरे. आणि ज्यांचे वडील मुंबईला आहेत त्यांनी गणपतीच्या सुट्टीतली एक सकाळ, पाहुणे यायच्या आधी, यासाठी राखून ठेवावी. दर खेपेस एखादा नियम सैल करावा आणि तो का सैल केला हे मुलाला सांगावे.